शेवटच्या माणसाच्या मागे

लातूरच्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये डॉक्टर होते, वकील होते, शिकवणी वर्गवाले तर पैशाला पासरी होते. मीही त्यांतलीच, पोरांकडून जीवशास्त्र घोकून घेणारी. पण ज्याच्यावाचून ग्रुपचं पान हलत नसे असा माणूस एकच, शेषेराव. एसटीत कंडक्टर. औशाच्या पुढं थोड्या अंतरावर त्यांचं गाव. घरचं चार एकर रान भाऊ कसतो. ह्यांनी विशीतच खाकी घातली आणि औसा-लातूर, औसा-निलंगा, कधी सोलापूर, असं आयुष्य बसच्या दारात उभं राहून काढलं. माणूस काटक, बोलणं कमी, मिशी मात्र दोघांना पुरेल एवढी.

टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या, शेषेराव घरात बसले आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. "गाडीभर मानसं घेऊन फिरनारा मानूस म्या, एकटाच पायी कुठं फिरू येड्यावानी?" असं म्हणून त्यांनी मुलीची, वर्षाराणीची, शाळेतून मिळालेली निळी सायकल बाहेर काढली. पुढं टोपली, मागं कॅरियर. त्या सायकलीवर ते एका रविवारी लातूरहून घरी निघाले होते आणि आमचा ग्रुपही औशाकडंच चालला होता. सायकलवाल्यांचा माज मोटारवाल्यांपेक्षा जास्त असतो, हे मी स्वतःवरून सांगते. आम्ही हसलो. शेषेराव मात्र औशाचा किल्ला दिसायच्या आत आमच्यातल्या निम्म्या लोकांना मागे टाकून गेले. टोपलीत मेथीच्या जुड्या होत्या.

हसले नाहीत ते एकटे शरदचंद्र सर. भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, साठीला टेकलेले, ग्रुपमधले सगळ्यांत थोर आणि सगळ्यांत हट्टी. आम्ही कुठल्या रस्त्यानं जायचं हे तेच ठरवायचे. त्यांचं मन इथल्या सपाट, उघड्या रस्त्यांत कधी रमलंच नाही. त्यांना हवे असत कोकणात उतरणारे घाट: आंबोली, कुंभार्ली, फोंडा, करूळ. वर्षातून एकदा ते आम्हाला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कोंबून, सायकली टपावर बांधून सह्याद्रीत नेत. एका घाटानं उतरायचं, खाली कोकणात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या घाटानं चढून परत यायचं, हा त्यांचा नेम. सरावाला आमच्या नशिबी येडशीचा घाट. तोच चढायचा, तोच उतरायचा, पुन्हा चढायचा. कोल्हापूरकरांना सांगितलं तर हसतील.

सरांनी त्या दिवशी औशात शेषेरावांना चहा पाजला आणि पुढच्या आठवड्यात स्वतःची जुनी गिअरची सायकल देऊन टाकली. तिथून त्या दोघांचं गूळपीठ जमलं. सर त्यांना कधी नावानं हाक मारत नसत. "कंडक्टर, पुढं जागा आहे का?" "कंडक्टर, हा चढ विनंती थांबा आहे का हो?" असं त्यांचं चाललेलं असायचं. दुसऱ्या कुणी कंडक्टर म्हटलं तर शेषेराव कपाळाला आठी घालत, पण सरांचा तो हक्कच होता.

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. सगळ्यांत पुढचा माणूस रस्ता दाखवतो आणि सगळ्यांत शेवटचा कुणाला मागे राहू देत नाही. कुणाची चेन उतरली, टायर पंक्चर झाला, कुणाला चढावर रडू फुटलं (मला फुटलंय), तर शेवटचा माणूस थांबतो. त्याच्या मागे कुणी नसतं. हे काम सरांनी पहिल्या सहलीपासून शेषेरावांना दिलं, कारण सगळी माणसं गाडीत चढल्याखेरीज गाडी न सोडणं हे त्यांच्या अंगवळणीच पडलेलं होतं. तीन वर्षं आम्ही घाटांमध्ये पाठीमागची काळजी न करता सायकल चालवली ती त्यांच्या जिवावर.

त्या वर्षी सरांनी अणुस्कुरा निवडला. मलकापूरहून निघायचं, अणुस्कुऱ्यानं उतरायचं, राजापूरला मुक्काम, आणि परतताना करूळनं गगनबावड्यावर चढायचं. दिवस पितृपंधरवड्यातले, कारण त्या दिवसांत लॉज रिकामे असतात आणि सरांना गर्दीचा तिटकारा. शेषेरावांच्या आईला, सिंधुबाईंना, हे अजिबात पसंत नव्हतं. म्हातारीनं आशीर्वाद दिला तोही बजावूनच: "पितरांच्या दिसात रानात चाललास, बाबा. तितं पाठीमागनं कुनी हाक मारली तर एका हाकंला ओ देऊ नगस, वळून बगू नगस. जित्तं मानूस तीनदा हाक मारतंय. ते दुसरं आसतंय, ते एकदाच मारतंय." शेषेरावांनी हे आम्हाला गाडीत हसत हसत सांगितलं. आमच्याकडं रानात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात हे लहानपणीच घातलेलं असतं. माझ्याही आईनं घातलंय. आम्ही सगळेच हसलो.

घाटमाथ्यावर पोचलो तर धुकं इतकं की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसावा. दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर ओणवलेली, पानांवरून पाणी टपटपतंय, डांबरावर कडेनं शेवाळ. सरांनी सगळ्यांना गोळा केलं. "आपण सपाटीची माणसं," ते म्हणाले, "आपल्याला उतार म्हणजे फुकटचा माल वाटतो. ब्रेक दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. पानं पडलेली दिसली की ब्रेकला हात लावू नका. आणि एकमेकांत अंतर ठेवा." मग आम्ही एकेक करून धुक्यात शिरलो. मी मधे होते. सर शेवटून दुसरे आणि त्यांच्या मागे शेषेराव.

पुढचं मला कळलं ते काही महिन्यांनी, शेषेरावांच्याच तोंडून. पण सांगताना इथंच सांगितलं पाहिजे.

अर्ध्या घाटात एका कपारीतून पाण्याची जाड धार रस्त्यावर पडत होती. वाहतं पाणी बघून लातूरच्या माणसाला नुसतं पुढं जाता येत नाही. आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं. शेषेराव तर प्रत्येक घाटात प्रत्येक धारेशी थांबून, असलेलं पाणी ओतून बाटली नव्यानं भरत. तसे ते थांबले. सर हात हलवून पुढं गेले, ते त्यांनी पाहिलं. बाटली भरली, तोंडावर पाणी मारलं, घोटभर प्यायले आणि निघाले.

दोन-तीन वळणं उतरल्यावर मागून हाक आली. "शेषेराव!" एकदाच. रस्त्यावरून नाही, दरीच्या अंगानं, मागून आणि खालून. आवाज ओळखीचा वाटलाही आणि नाहीही. सर त्यांना नावानं हाक मारत नसत. सर तर पुढं गेलेले. आणि शेवटच्या माणसाच्या मागे कोण असणार? हात ब्रेकवरच होते. मान वळवली नाही. हळूहळू उतरत ते दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. दुसरी हाक आली नाही. मग त्यांनी ब्रेक सोडले.

घाटाखाली चहाच्या टपरीवर आम्ही सगळे भजी खात बसलो होतो. शेषेराव आले, सवयीप्रमाणं त्यांनी डोकी मोजली, आणि पुन्हा मोजली. "सर कुठं हायत?" आम्ही म्हटलं, तुमच्याबरोबर होते ना? त्यांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. चिखलासारखा झाला होता. त्यांनी सायकल उलटी वळवली आणि तो चढ ते असे चढले की आमच्यातला तरणाताठा डॉक्टरही त्यांना गाठू शकला नाही. त्या सगळ्या घाटात ते नेमके एकाच वळणावर उतरले आणि कठड्यावरून वाकून सरांना हाका मारायला लागले. ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा. तेच वळण त्यांनी कसं काय निवडलं, हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

सर खाली कारवीच्या झुडपांत, एका झाडाला अडकून पडले होते. बेशुद्ध. खालच्या गावातल्या माणसांनी दोर लावून त्यांना वर काढलं, तोवर दुपार कलली होती. कोल्हापूरला मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टर हे नेहमीच म्हणतात, पण शेषेराव तिथं भिंतीला टेकून उभे होते आणि ते वाक्य ऐकून खाली बसले. आम्हाला वाटलं, दमलेत.

सर जगले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सौदामिनीताईंनी, त्यांच्या पत्नीनं, त्यांना लातूरला घरी आणलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. रडत बसणं हे त्यांना शिस्तभंगासारखं वाटतं. पुण्याहून मुलगी इरा आली आणि घरूनच नोकरीचं काम करत राहिली. आम्ही सगळे पाळीपाळीनं जाऊन बसत होतो. फक्त शेषेराव जात नव्हते. ड्यूटी आहे, आईला बरं नाही, रानात सोयाबीन निघालंय, अशी कारणं सांगत.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर संगप्पा मला बसस्टँडवर भेटला. निलंग्याच्याही पलीकडचा, सीमेवरचा माणूस. रागावला की कानडीत शिरतो. "मॅडम, तुमच्या दोस्ताचे कान दाखवा कुनाला तरी," तो म्हणाला. "मधीच एक घंटी मारतेत. गाडी थांबीवतो. दार उघडून मागं बगत उभं ऱ्हातेत. यारू इल्ला! कुत्रं सुदिक नसतंय रस्त्यावर. इचारलं तर म्हनतेत, कुनी तरी हाक मारली."

लोक आधी हसले, मग कुरकुरायला लागले. भर दुपारी, दोन्ही बाजूंना तुरीचं रान, दूरवर चिटपाखरू नाही, आणि गाडी उभी. शेषेराव दारात वाकून मागच्या रस्त्याकडं बघतायत. एकदा मीही त्या गाडीत होते. त्यांनी घंटी मारली, दार उघडलं, बराच वेळ मागे बघितलं, आणि मग अगदी हळू म्हणाले, "ओ." एका बाईनं आपलं लेकरू पोटाशी घेतलं. शेषेरावांनी दार लावलं, दोन घंट्या मारल्या आणि माझ्याकडं न बघता पुढच्या सीटचं तिकीट फाडायला गेले. मला त्या गाडीत थंडी वाजली, हे कबूल करते.

संक्रांतीच्या सुमारास इराचा फोन आला. "पुनममावशी, बाबा बोलले!" ती रडत होती, हसत होती. शब्द एकच होता. पाणी हवं असेल तरी तोच, दुखलं तरी तोच, राग आला तरी तोच. मेंदूच्या अशा इजेत कधीकधी सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द उरतो. माणूस सगळं काही त्याच एका शब्दानं बोलतो. सरांचा उरलेला शब्द होता "शेषेराव."

खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईट वाटलं. आम्ही इतके जण जाऊन बसत होतो आणि नाव घेतलं ते न येणाऱ्याचं. पण आनंदही झाला. मी पेढे घेतले आणि थेट औशाच्या स्टँडवर गेले. शेषेराव कँटीनमध्ये चहा पीत बसले होते. मी त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि म्हटलं, "बघा किती जीव आहे सरांचा तुमच्यावर! घरात दिवसभर तुमच्या नावाचा जप चाललाय."

पेढा त्यांच्या हातातच राहिला. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. पाण्याची धार, ती हाक, सोडलेले ब्रेक. सांगताना ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

मला राग आला. आधी त्यांचा, मग त्यांच्या आईचा, मग असल्या भाकडकथा लेकरांच्या कानात घालणाऱ्या आम्हा सगळ्यांचा. "अहो, इतकी वर्षं एका घंटीवर गाडी थांबवणारा माणूस तुम्ही! आणि तिथं थांबला नाहीत?"

"घंटी तर मानूसच मारतंय, मॅडम," ते म्हणाले.

मी शाळा-कॉलेजात शिकलेली, मेंदूचे भाग पोरांना पाठ करून घेणारी. पण त्या धुक्यात, त्या झाडीत, दरीतून माझं नाव आलं असतं तर माझी मान वळली असती का? मला खात्री देता येत नाही.

त्यांनी आईलाही सांगितलं होतं. म्हातारी ठाम होती. "तू बरुबर केलास. ते सर न्हवतेच. सर पडल्या पडल्याच बेसुद झाले आसतील. त्येंचा आवाज काडून दुसऱ्या कुनी तरी हाक मारली." शेषेरावांना हे खरं मानायची फार इच्छा होती. त्यांनी मला विचारलं, "तुमी तर त्येच शिकवता. बेसुद मानूस हाक मारतंय का वो?" मी म्हटलं, बेशुद्ध माणूस मारत नाही, पण बेशुद्ध होण्याआधी मारू शकतो. हे बोलून झाल्यावर मला वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. सरांना आता कसं विचारणार? काही विचारलं तरी ते तेवढाच शब्द बोलणार.

"सौदामिनीताईंना सांगू नका," मी त्यांना बजावलं. "सांगून सर उठून बसणार आहेत का? त्या बाईला त्या शब्दाचा आधार आहे. राहू द्या."

ते मान हलवून गेले. पण हाका वाढल्या. संगप्पानं जोडी बदलून मागितली. शेषेरावांनी सायकल तर केव्हाच टांगून ठेवली होती. आता ते पायी चालतानाही थांबून मागे बघायचे. मिशी पांढरी झाली, गालफडं बसली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, म्या बाईंना सांगून येतो. मला झोप न्हाई. सांगितल्याबिगर हे आवाज थांबायचा न्हाई. तुमी सोबत चला." मी पुष्कळ भांडले. शेवटी म्हटलं, मरा, चला.

सौदामिनीताईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. "या, या! अखेर उगवलात! अहो, तुमचं नाव ऐकून ऐकून माझे कान किटले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्यांनी घड्या घालता घालताच बोलायला सुरुवात केली. "इतकी वर्षं संसार झाला, ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' आणि 'ऐकलंस का', ह्यावर सगळं निभावलं. आता बघा, मीच शेषेराव झालेय."

आतून आवाज आला. "शेषेरा-ऽ-व." लांबवलेला.

"म्हणजे पंखा कमी करायचा," ताई आम्हाला म्हणाल्या, "आले हं!" असं आत बघून म्हणाल्या, जाऊन आल्या. "आखूड म्हणाले की पाणी. शेवट वर गेला की कूस बदलायची. आणि संध्याकाळी एकदा नुसतेच म्हणतात, हळूच. त्याचा अर्थ काही नसतो. नुसतं बसायचं शेजारी." हे सांगताना त्या जरा लाजल्या. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मी शेषेरावांच्या बाहीला धरलं. पण ते थांबले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, सरांनी मला घाटात हाक मारली व्हती. पडल्यावर. ह्याच नावानं. म्या ऐकली. वळलो न्हाई."

ताईंच्या हातात सरांचा सदरा होता. "का?"

"वाटलं, ते मानूस न्हाई."

ताईंनी सदऱ्याची घडी पूर्ण केली, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि बसून राहिल्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. इरा खोलीत फोनवर कामाचं बोलत होती. आतून पुन्हा हाक आली, "शेषेराव." ताई उठल्या नाहीत. पुन्हा आली, जरा चिडकी.

"जा," ताई म्हणाल्या. "तुम्हाला बोलावतायत."

शेषेराव आत गेले. मी दारात उभी राहिले. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. ओळख होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. "शेषेराव," सर म्हणाले. "हाव सर. हाय म्या. आलो." सरांनी पुन्हा तेच म्हटलं. शेषेरावांनी पाणी पुढं केलं, सरांनी मान फिरवली. पंखा वाढवला, कमी केला. खिडकी उघडली. उशी सरकवली. दर वेळी सर तेच नाव घ्यायचे, आणखी वैतागून, आणि शेषेराव दर वेळी "हाव सर, हाव सर" म्हणत घामाघूम होऊन काहीतरी दुसरं करून बघायचे. सरांना काय हवंय ते त्या घरात एकाच माणसाला कळत होतं, आणि ते माणूस बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या ढिगाशेजारी भिंतीकडं बघत बसलं होतं. शेवटी पायांवरची चादर खाली घसरली होती ती मला दिसली. मी ती वर ओढली. सर गप्प झाले.

त्या दिवसापासून शेषेरावांना हाक आली नाही. संगप्पा परत त्यांच्या जोडीला आला. म्हणतो, गाडी आता घड्याळावर चालते. रात्री झोप लागते म्हणाले. सुट्टीच्या दिवशी ते सरांकडं जातात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतात, हाकेला ओ देतात. आता त्यांनाही थोडं थोडं समजायला लागलंय, कोणती हाक कशाची ते. सांगितलं ते बरं झालं, असं त्यांना वाटतं. त्यांच्यापुरतं झालंही असेल.

गेल्या आठवड्यात इरानं मला बोलावून घेतलं. फोनवर ती रडत नव्हती, घाबरलेली होती. "मावशी, तू ये. आई काही बोलत नाही. नुसती बसून असते."

मी संध्याकाळी गेले. सौदामिनीताई जेवणाच्या टेबलाशी गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली. आतून हाक येत होती, आखूड, पुन्हा आखूड. त्यांचे हात थांबत नव्हते.

"ताई, पाणी मागतायत ते," मी म्हटलं.

"मला नाही मागत," त्या शांतपणे म्हणाल्या. पुढची शेंग मोडली. मग हात थांबले. "इतके महिने मला वाटत होतं, ते मला बोलावतायत."

आतून पुन्हा हाक आली. आखूड नव्हती, हळू होती. ताईंनी डोळे मिटून घेतले पण जागेवरून हलल्या नाहीत. मी उठले, ग्लास भरला आणि आत गेले. सरांना पाणी नको होतं.